घरगुती सीएनसी राउटर आणि त्याचं सॉफ्टवेअर: डोंबिवलीच्या प्रश्नाला लांबलचक उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की डोंबिवलीला घरातच, गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत, ४ बाय ४ फुटाचा सीएनसी राउटर, म्हणजे कंप्युटरच्या हुकमावर फिरत्या बिटाने (कापणाऱ्या पात्याने) कोरणारं मशीन, स्वतः बनवायचाय, त्यावर दाराच्या पाट्या, गणपतीचं मखर, लाकडातलं कार्व्हिंग आणि जमलं तर ॲल्युमिनियमपण करायचंय, बजेट साधारण ५० हजार, आणि या सगळ्याला पुरेल असं एकच डिझाइन सॉफ्टवेअर सांगा. माझा साकीनाक्याला गाळा आहे, अशी मशीनं बनवणं आणि दुसऱ्यांनी बनवलेली दुरुस्त करणं हाच धंदा, त्यामुळे गोड न बोलता सांगतो: ४ बाय ४ विसर, आणि एकच सॉफ्टवेअर हेपण विसर. बाकी सगळं होतं.

माझं मुख्य म्हणणं एवढंच की सगळे ज्या क्रमाने जातात त्याच्या उलट जा. लोक आधी मोटर, रेल, स्क्रू घेतात, महिनोन्महिने मशीन उभं करत बसतात आणि मशीन हलायला लागलं की मग विचारतात आता डिझाइन कशात करू. तू आधी एक पाटी आणि मखराची एक बाजू कंप्युटरवर पूर्ण कर, टूलपाथ, म्हणजे बिट फिरायचा रस्ता, काढ, सिम्युलेशन चालव, सॉफ्टवेअर किती वेळ लागेल सांगतं तो आकडा बघ. याला मशीन लागत नाही, पैसेही जवळपास लागत नाहीत. आणि त्यातून आपोआप कळतं की बेड, म्हणजे माल ठेवायचा पाट, केवढा हवा, झेडला, म्हणजे वरखाली होणाऱ्या अक्षाला, उंची किती हवी, बिट कुठले लागणार. मग लोखंड घे.

आता सॉफ्टवेअर. यात तीन वेगळी कामं आहेत आणि लोक तिन्हींना सॉफ्टवेअर म्हणतात म्हणून घोळ होतो. पहिलं चित्र काढणं, म्हणजे कॅड. दुसरं त्या चित्रावरून बिट कुठून कसा फिरेल, किती खोल जाईल, किती पास (थर) घेईल ते ठरवून जी-कोड, म्हणजे मशीनला कळणारे हुकूम, काढणं, म्हणजे कॅम. तिसरं तो जी-कोड ओळीओळीने मशीनला पाठवणं, त्याला सेंडर म्हणतात. तिसऱ्यावर डोकं खपवू नकोस, युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा कँडल, दोन्ही फुकट, दोन्ही चालतात, जे उघडेल ते वापर. खरी निवड पहिल्या दोनमध्ये आहे.

पाट्या आणि मखर हे सपाट काम आहे, त्याला थ्रीडी सॉफ्टवेअर लागतच नाही. इंकस्केप घे, फुकट आहे, वेक्टर (रेघांची) चित्रं काढायला भरपूर आहे. कोरलड्रॉ येत असेल तर तेही चालेल, आपल्याकडे बोर्डवाल्यांचं अर्धं जग त्यावरच चालतं. त्यातून एसव्हीजी किंवा डीएक्सएफ फाइल काढायची आणि कॅममध्ये न्यायची. इथे एक गंमत होते, फाइल कॅममध्ये उघडली की माप थोडं लहान किंवा मोठं दिसतं, कारण इंकस्केपने ०.९२ व्हर्जनपासून एका इंचाला ९६ पिक्सेल धरलेत, आधी ९० होते, आणि काही प्रोग्राम अजून जुनंच धरतात. म्हणून चित्राच्या बाजूला १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेव, कॅममध्ये तो १०० मोजला तर बाकीचंही बरोबर.

कॅमसाठी पैसे द्यायची तयारी असेल तर व्हीकार्व्ह डेस्कटॉप, पाटीकामात त्याच्या तोडीचं सोपं काही नाही असं माझं मत. एकदाच पैसे भरायचे, दर महिन्याची कटकट नाही. त्याची ट्रायल घे, सगळं शिकता येतं, फक्त स्वतःच्या डिझाइनचा टूलपाथ सेव्ह करू देत नाही. डेस्कटॉप आवृत्तीत कामाचं माप २५ बाय २५ इंचापर्यंतच, म्हणजे ६३५ मिमी, आणि मी तुला पुढे जो बेड सांगणार आहे तो त्यात बसतो. पैसे नसतील तर एफ-एनग्रेव्ह फुकट आहे, दिसायला जुनाट पण व्ही-बिटचं, म्हणजे टोकदार बिटचं, कोरीव काम नीट काढतो. एस्टलकॅम स्वस्तात मिळतं आणि साध्या कापकामाला मस्त.

फ्यूजन या ऑटोडेस्कच्या कॅड-कॅम सॉफ्टवेअरबद्दल विचारलं नाहीस पण विचारशीलच. वैयक्तिक वापराचं लायसन्स फुकट आहे, पण एका वेळी १० च फाइली एडिट करता येतात आणि कॅममध्ये रॅपिड मूव्ह मिळत नाही, म्हणजे बिट हवेत असतानाही कापायच्याच वेगाने रांगत जातो. छोट्या कामात चालतं, मोठ्या मखरात जीव जातो. शिवाय ते धंद्यासाठी नाही, पाट्या विकायला लागलास की त्याची कमाईची मर्यादा बघ. पण मशीनचे स्वतःचे भाग, म्हणजे मोटरची प्लेट, झेडची असेंब्ली हे डिझाइन करायला फ्यूजन छान आहे, किंवा मग फ्रीकॅड, ज्याचं १.० व्हर्जन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि आधीपेक्षा बरंच सुसह्य झालंय. शिकायला वेळ लागतो, पण त्यात लायसन्सची कटकट नाही की मर्यादा नाही.

आणि हो, कोणीतरी तुला पेनड्राइव्हमधून आर्टकॅम हे कार्व्हिंगचं सॉफ्टवेअर देईल. दरवाजाच्या कार्व्हिंगवाल्यांकडे ते अजून सर्रास दिसतं. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्येच बंद केलं, पुढे तेच कार्व्हेको नावाने चालू झालं. क्रॅक घेऊ नकोस, अडलास तर विचारायला कोणी नाही आणि सोबत व्हायरस येतो तो वेगळा.

आता मराठी अक्षरांचं, कारण पाट्या करणार म्हणतोस तर अर्धी लढाई इथेच आहे आणि हे इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. बऱ्याच कॅम सॉफ्टवेअरमध्ये थेट देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून अक्षरं कायम इंकस्केपमध्ये टाइप कर, तिथे जोडाक्षरं बरोबर येतात, मग ऑब्जेक्ट टू पाथ (अक्षरांच्या आकृत्या) कर, अनग्रुप कर आणि मग सगळी अक्षरं निवडून यूनियन कर. हे शेवटचं विसरू नकोस. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्या अक्षरात थोडी घुसलेली असते, स्क्रीनवर एकसंध रेघ दिसते पण प्रत्यक्षात एकावर एक चढलेल्या आकृत्या असतात, आणि यूनियन न करता टूलपाथ काढलास तर मशीन प्रत्येक सांध्यावर आडवी चीर मारतं. फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या मुंबईतल्याच मंडळींचे मुक्ता आणि मोदक बघ, खुल्या लायसन्सचे आहेत, धंद्यात वापरता येतात. गिऱ्हाईक श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधली फाइल पाठवेल तर ती तुझ्याकडे कचरा दिसेल, त्याला सांग कोरलमध्ये कर्व्ह करून दे नाहीतर पीडीएफ दे.

व्ही-बिटने कोरताना रेघ जितकी जाड तितका बिट खोल जातो. ६० अंशाच्या बिटला खोली म्हणजे रेघेच्या रुंदीच्या ०.८७ पट, तर ६ मिमी जाड रेघेला ५ मिमीच्या वर खोली. मोदकसारखा गुबगुबीत फॉन्ट मोठ्या पाटीवर घेतलास आणि रेघ २० मिमी झाली तर खोली १७ मिमी, आणि तुझा बोर्ड १२ चा. म्हणून फ्लॅट डेप्थ टाकायची, म्हणजे ठरावीक खोलीला तळ सपाट होतो. ९० अंशाचा बिट घेतलास तर खोली रुंदीच्या निम्मीच, जाड अक्षरांना तोच बरा.

अक्षरं आरपार कापून चिकटवायची असतील तर शिरोरेखेचा फायदा आहे, अख्खा शब्द एकसंध निघतो, इंग्रजीसारखं एकेक अक्षर ओळीत लावत बसावं लागत नाही. पण ध, भ, थ आले की शिरोरेखा तुटते आणि शब्द तिथे दोन तुकड्यांत येतो. अनुस्वार तर सुटाच असतो, बारीक गोळी, कापून झाली की बिट तिला भिरकावून देतो आणि मग खोलीभर शोध. तिथे टॅब, म्हणजे न कापलेला छोटा पूल, ठेव किंवा मागून दुतर्फी टेप लाव. आणि क, ळ, ष यांच्या पोटातली जागा मोजून बघ, तिथे ३ मिमीचा बिट शिरत नसेल तर सॉफ्टवेअर गपचूप ती जागा सोडून देतं, एरर येत नाही, पाटी तयार झाल्यावर कळतं.

मखराचं एक सांगतो. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून एमडीएफच्या जाळीच्या मखरांना भलती मागणी आहे, पण बारीक जाळी हे राउटरचं काम नाही. आतल्या कोपऱ्याला बिटाच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच, ३ मिमीच्या बिटाला दीड मिमी, नक्षी बारीक असेल तर ती मऊ दिसते. जाळी बाहेरून लेझरवर कापून घे, खांब, चौकट, पायऱ्या, जाड बोर्डाचे खाचेवाले सांधे तू राउटरवर कर. उलट पीव्हीसी फोमबोर्ड राउटरवरच कर, तो लेझरवर टाकला तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, लेझरवाला घेणारही नाही.

लाकडातलं थ्रीडी कार्व्हिंग, म्हणजे उठावाची मूर्ती वगैरे, हिशेब करून बघ. ३०० बाय ३०० मिमीचा गणपती, बॉलनोज (गोल टोकाचा) बिट, दोन रेघांत ०.३ मिमी अंतर, म्हणजे १००० रेघा, प्रत्येक ३०० मिमी, एकूण ३०० मीटर. मिनिटाला १५०० मिमी वेग धरला तर २०० मिनिटं, साडेतीन तासाच्या आसपास, आणि त्याआधीचा रफ (जाडाभरडा) पास वेगळा. तेवढा वेळ राउटर घरात किंचाळणार. शेजारचे काका दुपारी झोपतात का, हे आधी विचारून घे.

आता मशीन. ४ बाय ४ नको म्हणतो त्याचं कारण जागा हे आहेच पण त्याहून मोठं कारण वाक. गॅन्ट्रीचा, म्हणजे बेडवरच्या पुलाचा, बीम दोन टोकांना धरलेला असतो आणि मधोमध कापण्याचा जोर येतो, तेव्हा तोच बीम दुप्पट लांब केला की वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो, लांबीच्या घनाने वाढतो तो. २ फुटावर ०.०५ मिमी वाकणारा बीम ४ फुटावर ०.४ वाकेल. मग बीम जाड कर, त्याला मोठी मोटर लाव, तिला मोठा ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट), आणि ५० हजार कधी गेले कळत नाही. तू कापायची जागा साधारण ६०० बाय ६०० ठेव. पाट्यांना ती पुरते, मखराचे लांब भाग दोन तुकड्यांत करून खाचेने जोडता येतात. झेडचा प्रवास ८०-१०० मिमी बस, झेड जितका उंच टांगशील तितका लडबडतो.

बीमसाठी ४० बाय ८० ॲल्युमिनियम प्रोफाइल उभं लाव, आडवं नाही. फॅब्रिकेटर ओळखीचा असेल तर लोखंडी चौकोनी पाइपपण उत्तम, लोखंड ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ आणि स्वस्त, फक्त वेल्डिंगने पाइप खेचला जातो म्हणून रेल बसणारी जागा नंतर घासून किंवा शिम (पातळ पत्रा) देऊन सरळ करावी लागते. रेल १५ किंवा २० साइझच्या चौकोनी घे. बजेट ताणलं तर बेडखाली गोल, म्हणजे एसबीआर, रेल चालतील पण गॅन्ट्रीवर आणि झेडवर चौकोनीच.

स्क्रू एक्स आणि वायला, म्हणजे दोन आडव्या अक्षांना, १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी जाड, एका फेऱ्यात ५ मिमी पुढे. एका टोकाला बीके१२ बेअरिंग-ब्लॉक, घट्ट धरणारा, दुसऱ्या टोकाला बीएफ१२ जो लांबीला मोकळा असतो, दोन्हीकडे घट्ट धरलास तर स्क्रू तापून अडकतो. थ्रीडी प्रिंटरचा टी८ स्क्रू झेडला एक वेळ चालेल, ६०० मिमी लांबीवर तो वेगात दोरीसारखा थरथरतो.

मोटर नेमा २३ साइझच्या स्टेपर, १८-१९ किलो-सेंमीच्या, आणि त्यांना डीएम५४२ सारखे वेगळे ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा सप्लाय. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोल बोर्डवर चढवायच्या शील्डमध्ये जे चिमुकले ए४९८८ ड्रायव्हर येतात ते छोट्या नेमा १७ पुरते, त्यांच्याकडून नेमा २३ ओढून घ्यायची अपेक्षा करू नकोस. कंट्रोलला जीआरबीएल हे सॉफ्टवेअर, फुकट, उनोवर चालतं आणि २००९ पासून आहे त्यामुळे कुठलीही अडचण आली तरी आधी कोणालातरी आलेलीच असते. नवीन घेत असशील तर ईएसपी३२ या बोर्डवरचं फ्लुइडएनसी बघ, त्याला वायफाय आहे. कोणी जुना पॅरलल पोर्टवाला कंप्युटर आणि माख३ हे कंट्रोल सॉफ्टवेअर देत असेल तर नको, तो पोर्ट चालवणारा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही.

स्टेप्सचा हिशेब साधा आहे. मोटरचे फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर ८ चा मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ८ भाग) म्हणजे १६००, भागिले स्क्रूचे ५ मिमी, आले ३२० स्टेप दर मिमी. जीआरबीएलमध्ये डॉलर १००, १०१, १०२ या सेटिंगमध्ये हे तीन अक्षांचे आकडे भरायचे, झेडला टी८ असेल तर त्याचा वेगळा काढ, फेऱ्याला ८ मिमी, म्हणजे २००. १६ चा मायक्रोस्टेप ठेवायचा मोह होईल, पण उनो सेकंदाला साधारण ३० हजार स्टेपपर्यंतच देऊ शकतो, ८ वर मिनिटाला ३००० मिमी धावायला १६ हजार लागतात, १६ वर ३२ हजार, म्हणजे संपलं. मग मशीन २०० मिमी हलवून स्टीलच्या पट्टीने मोज, फरक आला तर आकडा दुरुस्त कर. लिमिट स्विच, म्हणजे अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे, नॉर्मली क्लोज (एरवी जुळलेले) जोड, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. स्विचच्या वायरी शील्डेड घे, शील्ड एकाच टोकाला अर्थ कर, नाहीतर स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) चालू झाला की मध्येच खोटा लिमिट लागून काम अडकतं. आणि कॅममध्ये पोस्ट प्रोसेसर (जी-कोडची बोली) जीआरबीएलचाच निवड, टूल बदलायची एम६ कमांड त्याला कळत नाही, एरर देतो. प्रत्येक बिटाची वेगळी फाइल काढ.

स्पिंडलला सुरुवातीला स्पीड कंट्रोल असलेला ट्रिम राउटर घे. स्पीड कंट्रोल का, तर हिशेब असा: फीड म्हणजे आरपीएम गुणिले धारा गुणिले दर धारेला निघणारा कीस. १८ हजार आरपीएम, २ धारा, ०.०५ मिमी, झाले मिनिटाला १८०० मिमी, घरगुती मशीनला झेपतं. बिनकंट्रोलचा ३० हजारावर गरगरणारा राउटर घेतलास तर त्याच हिशेबाने ३००० हवेत, मशीन तेवढं ओढणार नाही, मग तू फीड कमी करणार आणि बिट कापायच्या ऐवजी घासणार, लाकूड काळं, बिट बोथट. ॲक्रिलिकला तर एका धारेचाच बिट, नाहीतर वितळून चिकटतं. प्लायला डाउनकट (कीस खाली ढकलणारा) बिट, वरची कड फाटत नाही. कॉलेट (बिट धरणारी पकड) आणि बिटाची दांडी जुळव, ६ मिमी आणि पाव इंच म्हणजे ६.३५ दिसायला सारखे, पण ६ चा बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये कापताना सरकतो, हे धोक्याचं आहे. पुढे व्हीएफडीवाला, म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी बदलून वेग ठरवणाऱ्या डब्यावर चालणारा, स्पिंडल घेतलास तर पहिल्यांदा चालू करण्याआधी व्हीएफडीत ४०० हर्ट्झचं सेटिंग कर, २४ हजार आरपीएमचा स्पिंडल ५० हर्ट्झच्या फॅक्टरी सेटिंगवर चालवला तर जळतो.

खरेदी: स्क्रू, बेअरिंग, बिट, नटबोल्ट नागदेवी स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडला, वायर आणि स्विचगिअर लोहार चाळीत. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक शटर बंद. नागदेवीला रेल घेताना ब्लॉक हाताने सरकवून बघ, कुठे अडकतो का, आणि रेलवरून ब्लॉक काढून बघू नकोस, आतल्या गोळ्या रस्त्यावर. मीटरभराच्या रेल घेऊन डोंबिवलीला परतायचं तर लगेजच्या डब्यातून, संध्याकाळी पाचनंतर नाही.

घरात चालवणार म्हणून तीन गोष्टी. एमडीएफची भुकटी बारीक असते, त्यात रेझिनपण असतं, फुप्फुसात जाते, तेव्हा स्पिंडलला डस्ट शू (भुकटी ओढून घेणारं झाकण) आणि व्हॅक्यूम क्लीनर पहिल्या दिवसापासून, मास्क वेगळा. आवाजासाठी पेटी बनवशील तर हवा खेळती ठेव, ट्रिम राउटर बंद पेटीत तापतो. आणि इमर्जन्सी स्विच असा जोड की मोटरचा सप्लाय आणि राउटरचा मेन दोन्ही तुटतील, कारण सेंडरमध्ये स्टॉप दाबलंस तरी राउटर स्वतःच्या बटणावर फिरतच राहतो. पावसाळ्यात एमडीएफचा बेड फुगून लेव्हल जाते, वरचा स्पॉइलबोर्ड (कापला गेला तरी चालेल असा बोर्ड) एचडीएचएमआरचा, म्हणजे ओल सोसणाऱ्या बोर्डाचा, घे आणि जून-जुलैत एकदा त्याच मशीनने वरून छिलून सपाट कर. रेल आणि स्क्रू हलक्या तेलाने पुसत राहा, आपल्या हवेत आठवडाभरात गंजाचे ठिपके येतात.

ॲल्युमिनियमचं राहिलं. या मशीनवर ३-४ मिमीची पट्टी एका धारेच्या बिटाने, दर पासला ०.२-०.३ मिमी घेत, थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल मारत कापता येईल, म्हणजे मोटरच्या प्लेटा स्वतःच्या स्वतः करता येतील. त्याचा धंदा करायचा विचार असेल तर हे मशीन नाही, त्याला वेगळं वजनदार मशीन लागतं आणि ते गॅलरीत मावत नाही. आता व्हीकार्व्हची ट्रायल आणि इंकस्केप उतरवून घे, स्वतःच्या घराची पाटी कर आणि बेडचं माप, बिट, लागणारा वेळ असं सगळं लिहून पाठव, मग स्क्रूची लांबी नेमकी किती घ्यायची ते सांगतो.